नॉरिच ते ऑक्सफर्ड : जेम्स मार्टिनो यांच्या वाटेने

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ऑक्सफर्डातल्या कॉलेजाचं नाव मँचेस्टर कसं, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. या कॉलेजाचं विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर होतं. ते १७८६ मध्ये मँचेस्टरला निघालं, १८०३ मध्ये यॉर्कला गेलं, १८४० मध्ये मँचेस्टरला परतलं, १८५३ मध्ये लंडनला आलं आणि १८८९ मध्ये ऑक्सफर्डला स्थिरावलं. या भटकंतीतला बराच काळ एक माणूस त्याच्या सोबत होता. जेम्स मार्टिनो (१८०५–१९००) यॉर्कला विद्यार्थी होते, मँचेस्टरला प्राध्यापक झाले, लंडनला प्राध्यापक आणि मग १८६९ ते १८८५ प्राचार्य. त्याच्या जोडीला डब्लिन, लिव्हरपूल आणि लंडन इथे चाळीसहून अधिक वर्षं उपदेशक.

हिंडावं का लागलं, ते आधी सांगितलेलं बरं. १६६२ च्या कायद्यानुसार चर्च ऑफ इंग्लंडची ठरीव प्रार्थनापोथी मान्य न करणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना पदं सोडावी लागली. त्यांचे वारस म्हणजे डिसेंटर किंवा नॉनकन्फर्मिस्ट. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे, केंब्रिजला पदवी घेताना. सही न करणाऱ्यांनी स्वतःच्या अकादमी काढल्या. त्यातही येशूला ईश्वर न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाची गत आणखी वाईट होती. त्यांचं मत उघड मांडणं १८१३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. मार्टिनो या पंथातले.

हा प्रवास त्यांच्या आयुष्याच्या क्रमानेच करावा. नकाशावर तो वेडावाकडा दिसतो, पण ब्रिस्टल, डर्बी आणि यॉर्क एकाच रेल्वेमार्गावर येतात, त्यामुळे वाटतो तितका उलटसुलट पडत नाही. निघायचं मंगळवारी, म्हणजे रविवार लिव्हरपूलला येतो आणि तिथलं चॅपल उपासनेच्या वेळी उघडं मिळतं. महिना सप्टेंबर. त्या महिन्यात इंग्लंडभर सुमारे दहा दिवस जुन्या वास्तू लोकांसाठी फुकट उघडतात आणि एरवी कुलपात असणारी अनेक चॅपल त्यात असतात. (गणपती घरी सोडून जावं लागतं, त्याला इलाज नाही.) बाकीच्या महिन्यांत जाणार असाल तर प्रत्येक चॅपलला दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. चॅपल चालवणाऱ्या या उपासकांच्या मंडळ्या छोट्या आहेत, किल्ली एखाद्या निवृत्त सभासदाकडे असते. दारात उभं राहून फोन लावला तर तो माणूस गावात असेलच असं नाही.

व्हिसाची मेख डब्लिनमध्ये आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या व्हिसाने आयर्लंडला जाता येतं, पण त्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) ही नोंद हवी आणि आधी ब्रिटनमध्ये उतरलेलं असावं लागतं. नोंद नसेल तर बोटीच्या धक्क्यावरूनच परत फिरावं लागतं. तेव्हा तिकिटं काढण्याआधी व्हिसाचं पान नीट वाचा. नोंद नसेल तर डब्लिन गाळून यॉर्कहून थेट लिव्हरपूल गाठा.

पहिला दिवस, मंगळवार : नॉरिच

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून नॉरिच पावणेदोन ते दोन तास. स्टेशनातून नदी ओलांडून टूमलँडवरून फाय ब्रिजपर्यंत वीस मिनिटं चालायचं. वाटेत उजवीकडे कॅथीड्रल लागतं. त्याच्या आवारातल्या शाळेत जेम्स शिकले. आरमाराचा सेनापती नेल्सनही याच शाळेचा. फाय ब्रिज ओलांडला की शहराचा जुना भाग सुरू होतो, तोच कारागीर आणि डिसेंटर मंडळींचा. कॅथीड्रल नदीच्या एका अंगाला आणि हे लोक दुसऱ्या अंगाला. पहिल्याच दिवशी हे चालून पाहिलं की पुढची सगळी भानगड सोपी जाते.

पूल ओलांडल्यावर डावीकडचा रस्ता कोलगेट. तिथे आधी १६९३ चं ओल्ड मीटिंग हाउस आणि मग ऑक्टॅगन चॅपल. टॉमस आयव्हरी यांनी १७५४ ते १७५६ मध्ये बांधलेली ही अष्टकोनी इमारत मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५७ मध्ये पाहिली आणि इतकं देखणं प्रार्थनागृह युरोपात दुसरं नसेल, अशा अर्थाची नोंद केली. आत आठ कोरिंथियन खांब, वर घुमट, सभोवार सज्जा. अष्टकोन दिसायला देखणा आहेच, पण उपयोगाचाही आहे. वेदीकडे तोंड करून बसायचं नसून प्रवचन ऐकायचं असलं, की लांबट दालनापेक्षा असं गोलसर दालन बरं, कारण कुठलंही बाक उपदेशकापासून फार लांब पडत नाही. सज्जात जाऊन बसा आणि खाली कुणाला तरी साध्या आवाजात बोलायला सांगा. भिंतींवर मार्टिनो घराण्याच्या स्मृतिशिला आहेत.

हे घराणं मूळचं फ्रान्सचं. १६८५ मध्ये तिथे प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं गेलं आणि गास्तों मार्टिनो हा शस्त्रवैद्य नॉरिचला आला. जेम्स यांचे वडील टॉमस कापड तयार करवून घेणारे व्यापारी होते. मॅग्डालेन स्ट्रीटवरचं गर्नी कोर्ट जेम्स यांची थोरली बहीण, लेखिका हॅरिएट मार्टिनो (१८०२–१८७६) यांचं जन्मस्थान म्हणून ओळखलं जातं. तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय याही तिथल्याच. जेम्स यांचा जन्म याच रस्त्यावर २१ एप्रिल १८०५ चा. रस्त्यावर आता चिनी खानावळी आणि जुन्या कपड्यांची दुकानं आहेत. पंधरा मिनिटं पुरतात.

मुक्काम नॉरिचला न करता संध्याकाळच्या गाडीने लंडनला परत या, नाहीतर दुसऱ्या दिवशीची सकाळ गाडीतच जाते.

दुसरा दिवस, बुधवार : ब्रिस्टल

पॅडिंग्टनहून टेंपल मीड्स सुमारे एक तास चाळीस मिनिटं. इथे सामान स्टेशनाजवळच्या हॉटेलात टाकून आधी उलट्या दिशेला, बाथ रोडवरच्या आर्नोस व्हेल दफनभूमीकडे चालू लागा. दीडेक किलोमीटर आहे. फाटकाच्या आत थोडं गेलं की राजा राममोहन रॉय यांची समाधी दिसते. ती बंगाली धाटणीची छत्री आहे, आराखडा विल्यम प्रिन्सेप यांचा, खर्च द्वारकानाथ टागोरांचा. रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलमध्ये वारले. आधी स्टेपलटन ग्रोव्हच्या बागेत पुरलेला देह १८४३ मध्ये इथे आणला.

रॉय ब्रिस्टलला आले ते लँट कारपेंटर यांच्या ओळखीने, आणि मार्टिनोही चौदाव्या वर्षी त्यांच्याकडेच आले. कारपेंटर हे लुइन्स मीडच्या युनिटेरियन मंडळीचे उपदेशक. घरीच मुलांची शाळा चालवीत. १८१९ ते १८२१ जेम्स तिथे राहिले. लॅटिन-ग्रीकबरोबर विज्ञान शिकवणं आणि मुलांना कारण विचारायला लावणं ही त्या शाळेची ख्याती. कारपेंटर यांची मुलगी मेरी त्याच वर्गात बसे. याच मेरी कारपेंटर पुढे मुलींच्या शिक्षणाच्या कामासाठी १८६६ मध्ये मुंबईला उतरल्या.

दुपारी शहरात या. लुइन्स मीडचं चॅपल उभं आहे, पण युनिटेरियन उपासना आता तिथे होत नाही. बाहेरूनच पाहायचं. पार्क रोवरचं रेड लॉज हे मेरी कारपेंटर यांनी १८५४ मध्ये मुलींची सुधारशाळा चालू केलेलं घर. आता तिथे संग्रहालय आहे. ते वर्षभर आणि आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, म्हणून आदल्या रात्री वेळ तपासा. जवळच ग्रेट जॉर्ज स्ट्रीट आहे. तिथे कारपेंटर यांची शाळा होती. खाली कॉलेज ग्रीनच्या कडेला राममोहन रॉय यांचा १९९७ मध्ये बसवलेला पुतळा आहे.

तिसरा दिवस, गुरुवार : डर्बी आणि यॉर्क

ब्रिस्टलहून निघणारी आणि बर्मिंगहॅम, डर्बी, यॉर्क करत जाणारी थेट गाडी मिळते. डर्बीपर्यंत सव्वादोन तासांच्या आसपास, पुढे यॉर्क पावणेदोन तास. इथे एक हमखास चूक होते. आगाऊ काढलेल्या स्वस्त तिकिटावर वाटेत उतरता येत नाही. ब्रिस्टल–यॉर्क असं एक आगाऊ तिकीट काढून डर्बीला उतरलात तर स्टेशनाच्या दारात पूर्ण भाडं भरायची पाळी येते. ब्रिस्टल–डर्बी आणि डर्बी–यॉर्क अशी दोन वेगळी तिकिटं काढा. बहुधा बेरीजही कमीच होते. भारतातून निघण्याआधी ब्रिटरेल पास घेतला असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही, पण पास एवढ्या प्रवासाला परवडतो का याचा हिशेब करून मगच घ्या.

डर्बीत पाहायला थोडं आहे. १८२१ मध्ये मार्टिनो इथे फॉक्स नावाच्या यंत्रनिर्मात्याकडे उमेदवारीला राहिले. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. कारखान्यात हातकाम भरपूर, त्यामागचं शास्त्र कुणी सांगेना. वर्षभरात त्यांनी ते सोडलं आणि उपदेशक व्हायचं ठरवलं. ज्यांच्या घरी राहत त्या एडवर्ड हिगिन्सन या उपदेशकांची मुलगी हेलन हिच्याशी १८२८ मध्ये लग्न केलं. जुन्या सिल्क मिलमधल्या वस्तुनिर्मितीच्या संग्रहालयात त्या काळच्या यंत्रांची कल्पना येते. त्याला दीड तास द्या. तिथला वेळ चुकला तर सरळ पुढे जा, वाईट वाटून घेऊ नका.

यॉर्कला दिवसाउजेडी पोचा. सेंट सेव्हियरगेटवरचं विटांचं चॅपल १६९२–९३ मधलं, चारही बाजू सारख्या असलेल्या क्रुसाच्या आकाराचं. चार्ल्स वेलबिलव्हड इथले उपदेशक. १८०३ मध्ये मँचेस्टरच्या विश्वस्तांनी त्यांना प्राचार्यपद देऊ केलं. त्यांनी यॉर्क सोडायला नकार दिला, तेव्हा विश्वस्तांनी कॉलेजच यॉर्कला हलवलं! एका शिक्षकासाठी संस्थेने गाव बदलल्याचं असं उदाहरण विरळाच. कॉलेज मंकगेटला होतं, चॅपलपासून दहा मिनिटांवर.

मार्टिनो १८२२ ते १८२७ तिथे शिकले. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, विद्यार्थी मोजके. वेलबिलव्हड बायबल शिकवताना एका वचनाचे निरनिराळ्या पंथांनी लावलेले अर्थ समोर मांडत, कुठला खरा ते विद्यार्थ्यांवर लादत नसत. जॉन केनरिक प्राचीन भाषा आणि इतिहास शिकवीत. ते जर्मनीत गटिंगेन आणि बर्लिनला शिकून आलेले, त्यामुळे जुन्या ग्रंथांची चिकित्सा कशी करायची ही जर्मन रीत यॉर्कच्या त्या गल्लीत लवकर पोचली. ऑक्सफर्डची दारं बंद होती म्हणून हे लोक मागे पडले, असं समजण्यात अर्थ नाही. त्या काळच्या ऑक्सफर्डात एवढं मोकळं शिक्षण मिळालं असतं का, याचीच शंका येते.

चौथा दिवस, शुक्रवार : यॉर्क, मँचेस्टर, होलीहेड

सकाळी म्युझियम गार्डन्स. रोमन यॉर्कच्या अवशेषांचा अभ्यास करणाऱ्यांत वेलबिलव्हड अग्रणी होते, आणि इथल्या संग्रहालयाशी त्यांचा जवळचा संबंध होता. अकराच्या सुमारास मँचेस्टरची गाडी धरा, दीड तास. व्हिक्टोरिया स्टेशनपासून क्रॉस स्ट्रीट चॅपल दहा मिनिटं. अकादमी १७८६ मध्ये निघाली ती याच मंडळीच्या आश्रयाने. जुनं चॅपल १९४० च्या बाँबहल्ल्यात गेलं. आताचं चॅपल १९९७ मधलं, कार्यालयांच्या उंच इमारतीच्या तळाशी. बाहेरून बँकेची शाखा वाटावी असं असल्यामुळे लोक दोनदा पुढे निघून जातात.

संध्याकाळी होलीहेडला निघा. साडेतीन तास धरा, चेस्टरला गाडी बदलावी लागू शकते. रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीट मिळतं, ते वेगवेगळ्या तिकिटांपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि त्याचं भाडं आयत्या वेळीही फारसं वाढत नाही. होलीहेडला स्टेशन आणि बंदर एकाच इमारतीत आहेत. मध्यरात्रीनंतरची बोट साधारण सव्वातीन तासांत डब्लिनला पोचते. केबिनचे पैसे वेगळे, पण द्या. झोप झाली नाही तर शनिवार फुकट जातो. वारा जोराचा असेल तर बोट रद्द होते. तेव्हा दुपारीच बोटीच्या कंपनीचा संदेश पाहत राहा. रद्द झाल्याचं होलीहेडला रात्री अकरा वाजता कळलं तर तिथे राहायला जागा मिळणं कठीण.

पाचवा दिवस, शनिवार : डब्लिन

बंदरातून बसने शहरात. टेंपल बार भागातली युस्टेस स्ट्रीट ही छोटी गल्ली. इथलं प्रेसबिटेरियन प्रार्थनागृह आता ‘दि आर्क’ नावाचं मुलांचं कलाकेंद्र आहे, १९९५ पासून. दर्शनी भिंत जुनी, आतलं सगळं नवं. मुलांच्या नाटकाचं तिकीट काढल्याशिवाय फार आत जाता येत नाही, आणि मूल बरोबर नसेल तर नाटकालाही जाऊ नये.

इथे २६ ऑक्टोबर १८२८ रोजी मार्टिनो यांना दीक्षा मिळाली आणि ते सहउपदेशक झाले. पगार, घर, काही विद्यार्थ्यांच्या शिकवण्या, सगळं सुरळीत चाललं होतं. १८३१ मध्ये ज्येष्ठ सहकारी वारले आणि ‘रेजियम डोनम’ या सरकारी अनुदानातला वाटा मार्टिनो यांच्याकडे आला. प्रेसबिटेरियन उपदेशकांना राजाच्या तिजोरीतून मिळणारी ही रक्कम. आयर्लंडातली बहुसंख्य जनता कॅथलिक आणि गरीब. कर त्यांनीही भरायचे आणि त्यातून भलत्याच पंथाच्या उपदेशकाला पोसायचं, हे मार्टिनो यांना मान्य नव्हतं. त्यांनी वाटा नाकारला. मंडळीतल्या पुष्कळांना हा आगाऊपणा वाटला, कारण त्यांनी नाकारलं म्हणजे इतरांनी घेतलेलं चुकीचं ठरत होतं. १८३२ मध्ये राजीनामा देऊन ते निघाले. तोवर संसारात मुलं होती आणि पुढची नोकरी हातात नव्हती.

तिथून सेंट स्टीफन्स ग्रीनच्या पश्चिम बाजूला चालत जा, पंधरा मिनिटं. युस्टेस स्ट्रीटची मंडळी पुढे इथल्या १८६३ च्या युनिटेरियन चर्चमध्ये सामील झाली. रस्त्यावरून अरुंद दिसतं, पण जिना चढून वर गेल्यावर मोठं दालन आहे.

परतीला लिव्हरपूलचं संध्याकाळचं विमान घ्या, तासाभराच्या आत पोचतं. डब्लिन–लिव्हरपूल बोटीच्या जुन्या माहितीवर विसंबू नका. पायी प्रवाशांसाठी होलीहेडचाच मार्ग खरा.

सहावा दिवस, रविवार : लिव्हरपूल

या प्रवासातला सगळ्यांत भरगच्च दिवस. सकाळच्या उपासनेला युलेट रोडच्या युनिटेरियन चर्चमध्ये पोचा, शहराच्या मध्यातून सेफ्टन पार्ककडे जाणारी बस मिळते. रविवारी बसची संख्या कमी असते, अर्धा तास हाताशी ठेवा. इमारत १८९६ ते १८९९ ची, वास्तुरचना टॉमस आणि पर्सी वर्दिंग्टन यांची. हीच नावं ऑक्सफर्डला पुन्हा भेटतील. रंगीत काचांच्या खिडक्या चित्रकार बर्न-जोन्स आणि मॉरिस यांच्या, आतल्या दोन खोल्यांच्या छतावर जेरल्ड मोयरा यांची चित्रं. उपासना संपल्यावर चहा असतो. त्या वेळी विचारलं तर ग्रंथालयाची खोली आणि स्मारकांची ओवरी उघडून दाखवतात. उपासना चालू असताना फोटो काढू नका.

मार्टिनो यांचं स्वतःचं चॅपल मात्र राहिलेलं नाही. १८३२ मध्ये ते पॅरडाइज स्ट्रीटला आले. ती जागा आता खरेदी-संकुलात आहे. मंडळी १८४९ मध्ये होप स्ट्रीटवरच्या नव्या गॉथिक चर्चमध्ये गेली. ते चर्च १९६२ मध्ये पाडलं. फिलहार्मोनिक हॉल शोधा, चर्च त्याच्या शेजारी होतं. लाइम स्ट्रीट स्टेशनपासून पंधरा मिनिटं चढ चालायचा.

लिव्हरपूलची पंचवीस वर्षं समजून घ्यायची तर १८३९ मधलं प्रकरण धरावं. शहरातल्या तेरा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, पाद्रींनी क्राइस्ट चर्चमध्ये युनिटेरियन मताविरुद्ध तेरा व्याख्यानं जाहीर केली आणि युनिटेरियनांना ऐकायला बोलावलं. मार्टिनो, जॉन हॅमिल्टन टॉम आणि हेन्री गाइल्स या तिघांनी आव्हान घेतलं. तेराला तेरा व्याख्यानांनी उत्तर दिलं. त्यांपैकी पाच मार्टिनो यांची. ती गाजली, आणि पुढच्याच वर्षी मँचेस्टरला परतलेल्या कॉलेजाने त्यांना तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्राचं अध्यापक नेमलं. १८३० मध्ये सुरू झालेला लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्ग होता म्हणून हे जमलं. आठवड्याचे वर्ग तिकडे, रविवारचं प्रवचन इकडे. १८४८–४९ मध्ये, होप स्ट्रीटचं बांधकाम चालू असताना, ते बर्लिनला तत्त्वज्ञ ट्रेंडेलेनबुर्ग यांच्याकडे शिकायला गेले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बायकामुलांसह. परतल्यावर त्यांचं तत्त्वज्ञान बदललेलं होतं. माणूस परिस्थितीने घडतो हे तरुणपणीचं मत मागे पडलं, निवड करणारी इच्छा मध्यभागी आली.

याच काळात बहिणीशी बिनसलं. हॅरिएट यांनी १८५१ मध्ये हेन्री अॅटकिन्सन यांच्यासह निरीश्वरवादाकडे झुकणारं पुस्तक काढलं आणि जेम्स यांनी त्याचं झोंबणारं परीक्षण लिहिलं. दोघांचं पुन्हा जुळलं नाही. मतभेद मांडायचा हक्क कुणालाही आहे. पण सख्ख्या बहिणीच्या पुस्तकाचं परीक्षण दुसऱ्या कुणाला लिहू द्यायला काय हरकत होती?

दुपारी वेळ उरला तर टॉक्सटेथचं प्राचीन चॅपल पाहा, १६१८ मधलं. सेंट मायकल्स स्टेशनपासून चालत जाता येतं. आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाही.

सातवा दिवस, सोमवार : लंडन

लाइम स्ट्रीट ते यूस्टन सव्वादोन तास. १८५३ मध्ये कॉलेज लंडनला हललं तेव्हा मार्टिनो लिव्हरपूलचं उपदेशकपद न सोडता याच मार्गाने येऊन-जाऊन शिकवीत होते. १८५७ मध्ये ते कायमचे लंडनला आले.

यूस्टनहून गॉर्डन स्क्वेअर दहा मिनिटं. चौकाच्या पश्चिम बाजूची १४ क्रमांकाची इमारत म्हणजे कॉलेजाचं लंडनमधलं घर, युनिव्हर्सिटी हॉल. पुढे दीर्घकाळ तिथे डॉ. विल्यम्स लायब्ररी होती. ३५ क्रमांकाच्या घरात ११ जानेवारी १९०० रोजी मार्टिनो वारले. मागच्या बाजूला गावर स्ट्रीटवर युनिव्हर्सिटी कॉलेज. धर्म न विचारता सर्वांना शिकवायचं म्हणून काढलेलं हे कॉलेज. तिथलं तर्कशास्त्र आणि मनोविज्ञानाचं अध्यासन १८६६ मध्ये रिकामं झालं, मार्टिनो यांनी अर्ज केला, आणि ते धर्मोपदेशक आहेत या कारणाने इतिहासकार जॉर्ज ग्रोट यांनी विरोध केला. पद जॉर्ज क्रूम रॉबर्टसन यांना मिळालं. धर्म पाहायचा नाही म्हणजे उपदेशक असल्याचंही पाहायचं नाही, असं म्हणत गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. डी मॉर्गन स्वतः जन्मले होते मदुराईला. ऑक्सफर्डने चर्चचे नाहीत म्हणून बाहेर ठेवलं आणि युनिव्हर्सिटी कॉलेजने चर्चवाले म्हणून!

मार्टिनो शिकवीत त्या नीतिशास्त्राचा गाभा थोडक्यात असा. कृती चांगली की वाईट हे तिच्या परिणामावरून ठरत नाही, ती कुठल्या प्रेरणेतून झाली त्यावरून ठरतं. मनात दोन प्रेरणा एकाच वेळी उठतात तेव्हा वरची कोणती हे माणसाला आतून कळतं, आणि खालची निवडणं म्हणजे पाप. त्यांनी प्रेरणांची तेरा पायऱ्यांची उतरंडच लावली. तळाशी निंदाखोरी, सूडबुद्धी आणि संशयीपणा, शिखरावर पूज्यभाव, त्याच्या खालोखाल करुणा. हे सगळं पुस्तकरूपाने आलं १८८५ मध्ये, ते ऐंशी वर्षांचे असताना. उतरंड तपशिलात पटणं अवघड आहे, पण वर्गात चर्चेला लावायला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नसेल.

ऑक्सफर्ड सर्कसजवळची लिटल पोर्टलंड स्ट्रीट पाच मिनिटांत आटोपते. तिथलं चॅपल उरलेलं नाही. १८५९ ते १८७२ मार्टिनो तिथे प्रवचनं देत. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल नेहमीचे श्रोते. एप्रिल १८७० मध्ये ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी इंग्लंडातलं पहिलं प्रवचन दिलं ते याच व्यासपीठावरून. केशवचंद्र १८६४ मध्ये मुंबईला येऊन गेले होते आणि मार्च १८६७ मध्ये तिथे प्रार्थना समाज स्थापन झाला. एकेश्वरी उपासनेचे हे दोन प्रवाह इथे आमनेसामने आले.

दुपारी आर्चवे स्टेशनावर उतरून चढ चढत हायगेट दफनभूमी. मार्टिनो यांची कबर इथे आहे. दफनभूमीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग असून प्रवेशाला तिकीट लागतं. नाव आधी ईमेलने कळवून जागा विचारून ठेवा. कार्ल मार्क्स यांच्यासाठी लावलेल्या पाट्यांचा इथे काही उपयोग नाही. हिवाळ्यात फाटक लवकर बंद होतं आणि पावसानंतर आडवाटा निसरड्या असतात, तळ खरखरीत असलेले बूट घाला.

आठवा दिवस, मंगळवार : ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून सुमारे एक तास, स्टेशनापासून मॅन्सफील्ड रोड पंचवीस मिनिटं चालत. कॉलेजाचं आताचं नाव हॅरिस मँचेस्टर. १९९६ पासून ते विद्यापीठाचं पूर्ण घटक कॉलेज आहे आणि फक्त एकवीस वर्षांवरचे विद्यार्थी घेतं. दारावरच्या पोर्टरला सांगून आत जायचं. सत्र चालू असताना किंवा परीक्षेच्या दिवसांत बाहेरच्यांना थांबवतात, म्हणून आधी विचारावं.

१८५४ आणि १८७१ च्या कायद्यांनी धर्माची अट गेली आणि त्यानंतर कॉलेज इथे आलं. वर्दिंग्टन पितापुत्रांच्या या इमारती १८९३ मध्ये उघडल्या. चॅपलमध्ये बर्न-जोन्स यांच्या सृष्टीच्या सहा दिवसांच्या खिडक्या आहेत, प्रत्येक देवदूताच्या हातात त्या त्या दिवसाचा गोल. सकाळी दहा ते बारा उजेड चांगला असतो. ग्रंथालयात होप-पिंकर यांनी घडवलेला मार्टिनो यांचा बसलेला संगमरवरी पुतळा आहे. १८८८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

शिंदे इथे १९०१ च्या ऑक्टोबरात दाखल झाले तेव्हा प्राचार्य जेम्स ड्रमंड होते. तुलनात्मक धर्म शिकवणारे जोसेफ एस्टलिन कारपेंटर पाली भाषेचे जाणकार आणि ब्रिस्टलच्या लँट कारपेंटर यांचे नातू. म्हणजे ज्या घरात मार्टिनो चौदाव्या वर्षी शिकले त्याच घराण्यातला माणूस जमखंडीहून आलेल्या विद्यार्थ्याला शिकवत होता. शिंदे १९०३ मध्ये अॅमस्टरडॅमची उदार धर्म परिषद करून परतले आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं.

ज्यांना कागदपत्रं पाहायची असतील त्यांनी किमान महिनाभर आधी ग्रंथपालांना लिहावं, ओळखीचं पत्र जोडावं आणि नेमकी कुठली पेटी हवी ते कळवावं. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. सगळ्यांत मोलाचा ऐवज म्हणजे हॅरिएट यांच्या पत्रांचा गोषवारा. आपली पत्रं सगळ्यांनी जाळून टाकावीत असा हॅरिएट यांचा आग्रह होता. जेम्स यांनी तो पाळला, पण आधी प्रत्येक पत्राचा सारांश लघुलिपीत उतरवून ठेवला. ही लघुलिपी पिटमनची नाही, पिटमन शिकलेल्यालाही ती वाचता येत नाही. तिचं साध्या इंग्रजीतलं लिप्यंतर तिथेच आहे. मूळ वह्यांबरोबर तेही मागून घ्या, आणि १८१९ पासूनच्या वर्षांनी सुरुवात करा.